पऱ्हाट्यांची खोली

आर्वी डेपोत माझ्या तोंडाला सगळे भितात आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही. इतकी वर्षं कंडक्टरकी केल्यावर, खिशात हात घालणारा माणूस तिकिटासाठी घालतोय की नुसता वेळ काढतोय, हे मला गाडीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतं. त्यामुळे चौकशी समितीतली ती मुलगी, गुंजन, मला भेटायला डेपोत आली, तेव्हा तिने तोंड उघडायच्या आधीच मला कळलं की ही कशासाठी आली आहे. दुखणाईताशी बोलताना करतात तसा तिने आवाज आधीच बारीक करून ठेवला होता. मी म्हटलं, बाई, मोठ्याने बोल, इथे गाड्यांचा आवाज आहे.

सरकारने जिल्ह्यातल्या जुन्या बालगृहांची चौकशी लावली होती. आर्वीच्या रस्त्याला आमचं मुलींचं बालगृह होतं. ते केव्हाच बंद पडलं. नाव घेत नाही, कारण घेतलं की त्या नावाची चांगली माणसं भांडायला येतात. मी, रुख्मिणी, तिथे वाढले. आईबाप नसलेल्या, किंवा असून नसल्यासारख्या, अशा आम्ही सगळ्या होतो. तिथले अधीक्षक होते, त्यांना आम्ही सर म्हणायचो. ते संध्याकाळी एखाद्या मुलीला पाय चेपायला खोलीत बोलवायचे. त्यापुढचं मी गुंजनला सांगितलं, समितीलाही सांगितलं. इथे परत सांगणार नाही. मी त्या खोलीत एकदाच गेले. दुसऱ्यांदा जावं लागलं नाही, ते शकुमावशीमुळे.

शकुबाई आमची स्वयंपाकीण. अल्लीपूरची, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. बालगृहातच राहायची. प्रेमाने जवळ घेणारी वगैरे ती अजिबात नव्हती. भाकरी करपली म्हणून कुणी कुरकुर केली की म्हणायची, "मंग उद्यापासून तू येजो थापाले." सरांच्या खोलीत जाऊन आल्याच्या दुसऱ्या सकाळी मी चुलीपाशी जाऊन बसले. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "सरानं बोलावलंतं का?" मी मान हलवली. तव्यावरची भाकरी जळून धूर निघायला लागला तरी तिने उलटली नाही. मग तिने हात धुतले, लुगडं नीट केलं आणि ती संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याच्या घरी पायी गेली. दुपारी परत आली. तो तिला म्हणाला होता, बाई, तुम्ही स्वयंपाकाचं पाहा.

संध्याकाळी सरांनी पुन्हा माझ्या नावाने हाक मारली. मी उठले, कारण न उठायचं असतं हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. तेवढ्यात मावशी अंगणाच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि सगळ्या बालगृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सर, रुख्मी बाहेर बसली हाये. शिवू नका तिले."

मला तेव्हा पाळी आलेलीच नव्हती. यायला अजून वर्ष तरी होतं. पण आमच्याकडे 'बाहेर बसली' म्हटलं की पुढे प्रश्न नसतो. त्या बाईने स्वयंपाकघरात यायचं नाही, देवापाशी जायचं नाही, कुणाला शिवायचं नाही, वेगळ्या ताटात वरून वाढलेलं खायचं. आणि आमचे सर होते कपाळभर गंध लावणारे. सकाळ-संध्याकाळ पूजा, खोलीत देव मांडलेले, वाटेत कुणाची सावली पडली तरी परत आंघोळ. मुलीच्या अंगाला हात लावताना ज्याला देव आठवत नव्हता, त्याला विटाळ म्हटल्याबरोबर आठवला. तो दारातूनच मागे फिरला. मावशीने त्याचाच देव त्याला आडवा उभा केला होता.

स्वयंपाकघराच्या मागे पऱ्हाट्यांची खोली होती. कापूस वेचून झाला की उपटून आणलेल्या वाळक्या पऱ्हाट्या चुलीला लागतात, त्या तिथे रचून ठेवलेल्या असायच्या. एक झरोका, बाकी अंधार. तिथे मला बसवलं. नंतर हे चालूच राहिलं. जेवण वाढताना मावशी ताटांकडे पाहायचीच नाही, ती सरांच्या डोळ्यांकडे पाहायची. त्यांची नजर ज्या मुलीवर थांबली, ती दुसऱ्या दिवशी 'बाहेर'. कधी मी, कधी मोहिनी, कधी दुसरी कुणी. कुणाला किती दिवस झाले हे सर विचारतील कसे? या विषयावर बाईमाणसाशी बोलणं म्हणजे त्यांच्या लेखी अर्धा विटाळच होता.

आम्हाला मात्र मावशी काही सांगायची नाही. सांगितलं असतं तर आम्ही दुसऱ्या दिवशी गावभर केलं असतं, ते तिला माहीत होतं. मला कळलं ते मला खरी पाळी आली तेव्हा. मी घाबरून तिच्याकडे गेले आणि बोलता बोलता डोक्यात लख्ख उजेड पडला, की मग आतापर्यंत जे होतं ते काय होतं? मी तिला विचारलं. ती म्हणाली, "गप राय. तो बोलावते का तुले आता? नाई ना? मंग झालं."

आणि गंमत बघा, विटाळावर तिचा स्वतःचा पूर्ण विश्वास. खऱ्या दिवसांत तिने मला लोणच्याच्या बरणीकडे पाहूसुद्धा दिलं नाही. एवढ्या मुलींच्या नावाने एवढं खोटं बोलली, ते पाप आपल्या डोक्यावर आहे असंच ती धरून चालली. ऋषिपंचमीला बायका विटाळात झालेल्या चुकांसाठी उपास धरतात. मावशीने तो आम्हा सगळ्यांच्या वाटचा एकटीने धरला. अजून धरते. ऐंशीच्या पुढे गेली तरी त्या दिवशी बैलाच्या कष्टाचा दाणा तोंडात घालत नाही. मी दर वर्षी तिला म्हणते, मावशी, ज्याचं पाप होतं तो कधीच मेला, तू काऊन उपाशी राहतेस? ती म्हणते, माहा हिशोब येगळा हाये. असल्या बाईपुढे कंडक्टरचंही तोंड चालत नाही.

तर गुंजनला मी हे सगळं सांगितलं, आणि मला वाटलं आता झालं. महिन्याभराने अल्लीपूरहून गजेंद्रचा फोन आला. गजेंद्र म्हणजे मावशीचा भाचा. मावशी त्याच्याकडेच असते. समितीची नोटीस आली होती. बालगृहातल्या एका मुलीने जबानी दिली होती की स्वयंपाकीणबाई मला अंधाऱ्या खोलीत कोंडायच्या, बाहेरून कडी लावायच्या, आणि त्याबद्दल वर्ध्याला येऊन खुलासा करावा.

मी सुट्टी टाकली आणि अल्लीपूर गाठलं. डोकं तापलेलं होतं. सर मेले होते. तो पदाधिकारी मेला होता, आणि त्याचा फोटो हार घालून कुठे कुठे लावलेला असतो. एवढ्या मोठ्या चौकशीला जिवंत सापडलं कोण, तर भाकरी थापणारी म्हातारी. अहवालात दोषी म्हणून एकाच माणसाचं नाव जाणार होतं, आणि ते शकुबाईचं.

गजेंद्रने नोटीस पुन्हा वाचून दाखवली. नाव दिलेलं नव्हतं. मुलगी म्हणत होती की ती तेव्हा अकरा वर्षांची होती, तिची पाळी सुरूही झाली नव्हती, तरी बाईंनी ती बाहेर बसल्याचं सगळ्यांना सांगितलं, मुली हसल्या, कुणी तिला शिवेना. ती रडायची तेव्हा बाई लांबूनच झरोक्यातून गुळाचा खडा फेकायच्या, कुत्र्याला फेकतात तसा. आणि शेवटी एक वाक्य होतं, सरांनी मला कधीच त्रास दिला नाही, त्रास दिला तो या बाईंनी.

मावशी ओसरीवर पाय पसरून ऐकत होती. गुळाचं ऐकलं आणि हसली. म्हणाली, "भावना हाये हे. गूळ तिलेच देत होती मी. लई रडे."

भावना मला आठवत होती. एका जागी न बसणारी, चिंचेवर चढणारी पोरगी. म्हणूनच तिला कडी लागायची, नाहीतर 'बाहेर' बसलेली मुलगी दुपारी चिंचेवर दिसली असती आणि मावशीचं सगळं सोंग उघडं पडलं असतं. आता ती पवनारला असते, घरचा भाजीपाल्याचा मळा आहे, मुलगी कॉलेजात आहे. मी म्हटलं, मावशी, मी आत्ता पवनारला जाते आणि तिला सांगते की बाई, तू ज्याला त्रास म्हणतेस तो काय होता.

तेव्हा मावशीने माझा हात धरला. आयुष्यात फार वेळा धरला नसेल.

"नाई सांगायचं," ती म्हणाली. "तिनं काय लिवलं ते आयकलं का तू? सरानं तरास नाई देल्ला म्हनते. तिले मालूमच नाई, रुख्मे. तुले मी एक दिवस उशिरा धरलं. तिले बरोबर धरलं. तिच्या मनात त्या मानसाचं भेव नाई. मंग आता या वयात मी काऊन घालू ते?"

मी विचारलं, आणि तुझं नाव दोषी म्हणून छापून आलं तर?

"येऊ दे. मले कुठं वाचता येते?"

मला इतका राग आला की मी चहा तसाच ठेवून अंगणात गेले. राग तिचा नव्हता. आपल्याला कुणी एवढं जपलं होतं आणि आपण तिला कधी नीट एक शब्दही बोललो नाही, हे एकदम अंगावर आलं की माणसाला रागच येतो. निदान मला तरी येतो. परत आत आले तर तिने मला तिच्या गळ्याची आण घातली की भावनाचं नाव काढायचं नाही. मी म्हटलं, बरं, भावनाचं नाव नाही काढणार.

सुनावणीच्या दिवशी आम्ही अल्लीपूरहून वर्ध्याच्या गाडीत बसलो. मावशीचं तिकीट शून्याचं, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट नेते. तिला ते अजूनही पटत नाही, कंडक्टर पोराला ती दोनदा म्हणाली, पाहा बाप्पा, चुकलं असन काही. वाटेत ती खिडकीतून सोयाबीन बघत राहिली. मी मात्र शेजारी बसून मनातल्या मनात समितीशी भांडत होते.

सरकारी सभागृहात टेबलावर पांढरी चादर, पाण्याच्या बाटल्या, मध्ये निवृत्त न्यायाधीश मॅडम. एका बाजूला बिछायत केंद्रातून, म्हणजे मांडववाल्याकडून, भाड्याने आणलेला हिरवा पडदा लावलेला. ज्यांना तोंड दाखवायचं नाही अशा साक्षीदार बायका त्याच्यामागे बसून ऐकू शकत होत्या. पडदा जमिनीपर्यंत पोचत नव्हता. खालून चार-पाच जणींच्या चपला दिसत होत्या. भावना त्यात असणार हे मला ठाऊक होतं, आणि मावशीलाही.

मॅडमनी चांगलं विचारलं, खोटं कशाला बोलू. आजी, बसूनच सांगा, घाई नाही. तुम्ही मुलींना त्या खोलीत ठेवत होता का? मावशी म्हणाली, हो. बाहेरून कडी लावत होता? हो. का? मावशी पदराशी चाळा करत राहिली. मॅडमनी पुन्हा विचारलं. गुंजननेही जवळ येऊन विचारलं. तिला माझ्याकडून सगळं माहीत होतं, तिचा जीव वरखाली होत होता, पण तिला स्वतःला काही बोलायची परवानगी नव्हती. मावशीचं एकच, "कोंडलं मी. खरं हाये. लिवा तुमी."

मॅडमनी लिहायला पेन उचललं आणि मी उभी राहिले. म्हटलं, मला बोलायचं आहे, मीही त्या खोलीत होते. मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर खाली बसली असती. मी सांगितलं ते फक्त माझं. मला एकदा बोलावलं होतं ते. दुसऱ्या दिवशी अंगणात उभी राहून मावशी काय म्हणाली ते. मी बाहेर बसलेली नव्हते, वर्षभर मला खोटं बसवलं ते. पऱ्हाट्यांच्या त्या खोलीत मला अंधार वाटला, विंचवाची भीती वाटली, पण पावलांची भीती वाटली नाही ते. माझं लग्न झालं, दोन लेकरं झाली, भरलेल्या गाडीत शंभर पुरुषांमधून मी तिकिटं फाडत बिनधास्त फिरते, ते कुणाच्या जिवावर, ते. भावनाचं नाव मी काढलं नाही. मी शब्द पाळला आणि मोडलाही, आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटत नाही. पडद्याआड बसलेली बाई बहिरी नव्हती.

मग पडदा हलला आणि एक बाई पुढे आली. केस पिकायला लागलेले, हिरव्या बांगड्या, हातात रुमाल मुरगळलेला. चिंचेवर चढणारी पोरगी मला त्यात दिसली नाही, पण मावशीला लगेच दिसली. गुंजनने तिला अडवायला हात पुढे केला, तो भावनाने बाजूला केला.

"मावशी," ती म्हणाली, "मले बी त्याच्याच साठी का?"

मावशीने मान वर केली. माझ्याकडे नाही, सरळ भावनाकडे पाहिलं, आणि चुलीपाशी बोलायची त्याच कोरड्या आवाजात म्हणाली, "नाई, पोरी. तुह्यं येगळं. तू लई दंगा करे. म्हून कोंडलं तुले."

एवढी म्हातारी झाली, सरकार समोर बसलेलं, तरी बाई त्या पोरीसाठी पुन्हा खोटंच बोलली. मला रडू आलं. मी ते दाबलंही नाही.

भावनाने मावशीचं तोंड नीट न्याहाळलं. मग मॅडमकडे वळली. मॅडम म्हणाल्या, तुम्हाला तुमची जबानी मागे घ्यायची असेल तर घेता येईल.

"नाई," भावना म्हणाली. "ते खोडू नका. मले कोंडलं ते खरं हाये. मी भ्याली ते बी खरं हाये, आजही मी न्हाणीची कडी लावत नाई. फक्त ते शेवटचं पुरं करा. सरानं मले कधी तरास नाई देल्ला म्हटलं होतं ना मी? तिथं लिवा, ह्या मावशीनं देऊ देल्ला नाई."

मॅडमनी ते स्वतःच्या हाताने लिहिलं, आणि मोठ्याने वाचून दाखवलं. दोषींमध्ये शकुबाईचं नाव जाणार नाही असंही तिथेच सांगितलं. मी गुंजनकडे पाहिलं. ती पाण्याची बाटली उघडून मावशीपुढे ठेवत होती. समित्यांबद्दल मी पुष्कळ वाईट बोलले आहे आणि पुढेही बोलेन, पण त्या दिवशी त्या टेबलापाशी बसलेल्या माणसांनी ऐकलं, हे मला मान्य केलंच पाहिजे. आमचं ऐकायला कुणीतरी खुर्च्या मांडून बसेल, असं बालगृहात असताना कुणी सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो.

मावशीला या कशाचं काही नाही. ती मला म्हणाली, आन मोडली तू, आणि पुढे म्हणाली, अल्लीपूरची गाडी केव्हा हाये?

बसस्थानकावर भावना आमच्या मागे मागे आली. तिची पवनारकडे जाणारी गाडी समोरच लागलेली होती. मी तिला दाखवली. तिने पाहिली आणि तिथेच उभी राहिली. अल्लीपूरची गाडी आली तशी ती आमच्या आधी चढली. दुपारची गाडी, मोजकी माणसं, सीटच्या सीट रिकाम्या. मावशी खिडकीपाशी बसली. मी पलीकडच्या सीटवर बसले, कारण मावशीशेजारी भावना आधीच बसली होती, अगदी चिकटून, खांद्याला खांदा आणि गुडघ्याला गुडघा लावून.

गाडी गावाबाहेर पडली. मावशी अवघडली होती. तिला कुणी इतकं खेटून बसायची सवय नाही.

"अवं, सरक ना थोडीशी," ती शेवटी म्हणाली. "एवढी जागा पडली हाये तिकडं."

"नाई सरकत," भावना म्हणाली, आणि तिने मावशीचा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. "लई दिवस लांब बसली मी."